काईची तारीख

औषधांच्या मोठ्या दुकानात हिरव्या गोळ्यांची बाटली आता सहज मिळते. बाटलीवर ‘स्पिरुलिना’ असे नाव असते. त्याखाली प्रथिने, लोह, बीटा-कॅरोटीन यांचे आकडे असतात आणि हा उद्याच्या जगाचा आहार आहे अशा थाटाची एखादी ओळ असते. ही गोळी म्हणजे खाऱ्या पाण्यावरचे, गाळून वाळवलेले सूक्ष्म शेवाळ. आपल्याकडे शेवाळाला मान नाही. मराठीत शेवाळ म्हटले की पाय घसरणे आठवते. उर्दूत त्याला ‘काई’ म्हणतात आणि जमाव पांगला की ‘काई की तरह फट गया’ असे म्हणतात. हौदावर काई धरली तर ती घासून काढायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध.

अशा वस्तूचा इतिहास लिहिण्यासारखा आहे काय? मला वाटते, आहे. बाटलीवर ‘उद्याचा आहार’ लिहिलेले असले तरी हे अन्न फार जुने आहे. आणि ते पाण्यातून काढून, वाळवून, टिकवून खाण्याचे ज्ञान जगात आजवर अखंड राखले ते आफ्रिकेतील चाड सरोवराच्या काठच्या मुसलमान बायकांनी. प्रयोगशाळांना त्याचा पत्ता लागला तो त्यांच्या बाजारातून. ही हकीकत ना आपल्या मुस्लिम इतिहासाच्या पुस्तकांत आहे, ना बाटलीच्या कागदावर. म्हणून हा लेख.

खाऱ्या पाण्यातले पीक

आधी वस्तू समजून घेऊ. स्पिरुलिना हे व्यापारातले नाव. शास्त्रीय नाव आर्थ्रोस्पायरा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बारीक हिरवी स्प्रिंग दिसते. काटेकोरपणे बोलायचे तर हे खरे शैवाल नाही. शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जिवाणूंच्या वर्गात घालतात. व्यवहारात मात्र त्याची गणना सूक्ष्मशैवालातच होते आणि इथेही आपण तेच नाव वापरू.

याची आवड विचित्र आहे. गोड्या पाण्यात ते इतर शेवाळांपुढे टिकत नाही. ज्या पाण्यात सोड्याचा खार इतका असतो की मासा जगत नाही, त्या पाण्यात ते जोमाने वाढते. पापड करताना आपण जो पापडखार घालतो, त्याच जातीच्या खाराने भरलेली तळी असतात. अशा पाण्याचा पीएच नऊ ते अकराच्या दरम्यान असतो. बाकीचे जीव तिथे हटतात, म्हणून या एका जातीचे पीक जवळजवळ शुद्ध मिळते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर इथे तण उगवत नाही.

दुसरा गुण काढणीच्या दृष्टीने मोलाचा. या शेवाळाच्या पेशींत वायूच्या बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे ते वर तरंगते, आणि वारा सुटला की साय सरकावी तसे एका काठाला जमा होते. त्याचा तंतू पाव ते अर्धा मिलिमीटर लांब भरतो, म्हणून तो फडक्यातही अडकतो. क्लोरेला नावाचे दुसरे शेवाळही गोळ्यांच्या रूपात विकले जाते. त्याची पेशी गोल, साधारण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. ती कापडातून निघून जाते. तिला पाण्यापासून वेगळे करायला भरभर फिरणारे, वीज खाणारे सेंट्रिफ्यूज यंत्र लागते.

सूक्ष्मशैवालाच्या धंद्यात अवघड भाग वाढवण्याचा नसून काढण्याचा आहे. उघड्या हौदात एक लिटर पाण्यामागे सुके शेवाळ जेमतेम अर्धा ग्रॅम असते. म्हणजे अर्धा किलो माल हवा तर हजार लिटर पाणी गाळायला हवे. हे गणित ज्याने सोडवले त्याने धंदा जिंकला. कारखान्यांनी ते विसाव्या शतकात सोडवले. चाडच्या काठी ते आधीच सुटलेले होते.

कानेमची सल्तनत

चाड सरोवराच्या ईशान्येचा प्रदेश म्हणजे कानेम. शाळेत मध्ययुगाचा इतिहास शिकवताना आम्ही बगदाद, कर्डोबा, समरकंद, दिल्ली ही नावे फळ्यावर लिहितो. कानेम लिहीत नाही. खरे तर नवव्या शतकात अल्-याकूबीने कानेमचा उल्लेख केला आहे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला राजा हुमे याने इस्लाम स्वीकारला. तिथे राजाला ‘माई’ म्हणत. हुमेचे सैफावा घराणे 1846 पर्यंत, म्हणजे साडेसातशेहून अधिक वर्षे टिकले. दिल्लीच्या तख्तावर या काळात किती घराणी आली आणि गेली ते आठवून पाहावे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात माई दुनामा दब्बलेमीच्या काळात कानेमचा पसारा उत्तरेला फेझानपर्यंत गेला. हज यात्रेला निघालेल्या कानेमच्या लोकांनी हिजरी 640 नंतरच्या दशकात कैरोजवळच्या फुस्तातमध्ये काजी इब्न रशीक यांच्याकडे पैसे दिले आणि त्यातून मालिकी पंथाचा मद्रसा उभा राहिला. मकरीझीने ही नोंद ठेवली आहे. हिजरी 655, म्हणजे 1257 मध्ये कानेमच्या राजाने ट्युनिसच्या सुलतानाला जिराफ भेट पाठवला आणि तो पाहायला सारे शहर लोटले, असे इब्न खल्दून सांगतो. सोळाव्या शतकात इमाम अहमद इब्न फुर्तू याने माई इद्रीस अलूमाच्या मोहिमांची तवारीख अरबीत लिहिली. राजमातेला या दरबारात ‘मगीरा’ हा किताब होता आणि तिचा शब्द वजनदार मानला जाई.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सहाराच्या वाटेने कानेममधून उत्तरेला जे जात होते त्यात गुलाम माणसेही होती. आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगताना हे पान फाडून टाकणे बरोबर नाही.

या साऱ्या लिखाणात काय काय आहे? राजे आहेत, मोहिमा आहेत, हज आहे, नजराणे आहेत. लिहिणारे दरबाराजवळचे आणि व्यापारी वाटेवरचे पुरुष होते, तेव्हा त्यांनी जे पाहिले ते लिहिले. त्या काठावरच्या घरात रात्री चुलीवर काय शिजत होते, हा त्यांचा विषय नव्हता. उर्दूत ‘तारीख’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात, इतिहास आणि दिनांक. तळ्याकाठच्या बाईच्या वाट्याला दोन्ही आले नाहीत. शेवाळाची काढणी कोणत्या शतकात सुरू झाली याचा दिनांक कुणी लिहून ठेवला नाही. ते काम आईकडून मुलीकडे गेले आणि लिहिले गेले नाही म्हणून थांबलेही नाही.

तळ्याकाठच्या बाया

चाड सरोवराचे पाणी मुख्यतः गोडे. पण त्याच्या ईशान्य काठाला वाळूच्या जुन्या टेकड्या आहेत आणि टेकड्यांच्या मधल्या खळग्यांत जमिनीखालून पाणी झिरपते. उन्हाने ते आटते, खार मागे राहतो. अशा सोड्याच्या तळ्यांपैकी कोसोरोम हे तळे अभ्यासकांच्या पाहणीमुळे प्रसिद्ध झाले. शेवाळ काढणाऱ्या बाया कानेम्बू समाजाच्या. जुन्या कानेमचे नाव आज याच समाजाने धरून ठेवले आहे.

तळ्याच्या ज्या काठाला वाऱ्याने हिरवी साय लोटली असेल तिथे बाया पाण्यात उतरतात. टोपल्या आणि भांड्यांनी दाट पाणी भरून काठावर आणतात. किनाऱ्यावरच्या वाळूत उथळ, गोल खळगे केलेले असतात. त्यांत हे हिरवे पातळ मिश्रण ओततात. वाळू पाणी पिऊन घेते, वर शेवाळाचा थर राहतो. तो हाताने सारखा करतात. थोडा सुकला की त्याचे चौकोनी तुकडे कापतात, गावात नेतात आणि चटईवर उन्हात पूर्ण वाळवतात. तयार वडीला ‘दिहे’ म्हणतात.

ही कृती वाचताना आपल्या बायकांना सांडगे आणि कुरडया आठवतील. फरक एवढाच की इथे गाळणी, परात आणि वाळवण या तिन्हींचे काम वाळूच करते. सरपण लागत नाही, यंत्र लागत नाही. कारखान्यात आज जे तीन टप्पे असतात, म्हणजे दाट करणे, पाणी काढणे आणि वाळवणे, ते तिन्ही इथे आहेत. पहिला टप्पा वाऱ्यावर सोपवला आहे, दुसरा वाळूवर आणि तिसरा उन्हावर. कोणत्या दिवशी कुठल्या काठाला जायचे, थर किती जाड ठेवायचा, कापायची वेळ कधी झाली, हे सारे नजरेवर चालते. हा हुनर आहे आणि तो शिकावा लागतो.

दिहेची चव कुणी सुटी घेत नाही. वडी कुस्करून पाण्यात कालवतात, वाळू खाली बसू देतात आणि त्याचा रस्सा करतात. त्यात कांदा, टोमॅटो, मिरची, मीठ, जमेल तशी मासळी, मटण किंवा कडधान्य. सोबत बाजरीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा. बाजरी आणि रस्सा हे जेवण मराठवाड्यातल्या माणसाला परके वाटू नये. पाऊस कमी, गुरे आटलेली, मासळी नाही, अशा दिवसांत या वडीतच घरच्या मुलांची प्रथिने असतात. सुक्या स्पिरुलिनात वजनाच्या निम्म्याहून अधिक, साधारण 55 ते 70 टक्के, प्रथिने असतात. ही गोष्ट त्या बायांनी आकड्यात मांडली नव्हती. पोरांच्या अंगावर ती दिसत होती.

शेवाळ काढायचा हक्क बायकांचा. पुरुष पाण्यात उतरला तर तळे वांझ होते अशी तिथली समजूत सांगतात. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही अंधश्रद्धा वाटेल. पण तिचा परिणाम पाहावा. तळे आणि त्यावरची कमाई बायकांच्या हाती राहिली. आपल्याकडे बाईचे काम पैसे देऊ लागले की ते पुरुषाचे होते. तिथे एका समजुतीने ते होऊ दिले नाही.

नोंद कोणाच्या नावावर?

आता विसाव्या शतकात येऊ. चाडवर तेव्हा फ्रान्सचे राज्य होते. फ्रेंच फौजेतील क्रीश नावाच्या औषधतज्ज्ञाला चाड सरोवराच्या पूर्वेकडील मासाकोरी गावच्या बाजारात या हिरव्या वड्या दिसल्या. त्याने नमुना फ्रान्सला पाठवला. शैवालांचे अभ्यासक पिएर दांजार यांनी तो तपासला आणि 1940 मध्ये माणसाच्या आहारातील या निळ्या-हिरव्या शैवालावर टिपण प्रसिद्ध केले. ते साल दुसऱ्या महायुद्धाचे. फ्रान्सच पडला होता, तिथे चाडच्या शेवाळाकडे कोण पाहणार? टिपण मागे पडले.

1959 साली एका फ्रेंच विज्ञान मासिकाने याच अन्नावर लेख छापला. त्याच्या मथळ्यात दोन हजार साली जग जे खाणार ते अन्न चाडची एक ‘आदिम टोळी’ कित्येक काळापासून वापरते आहे, असा भाव होता. आदिम! ज्यांच्या पूर्वजांनी पॅरिसमध्ये सॉर्बोनची पायाभरणी होण्याआधी किंवा त्या सुमारास कैरोत आपल्या विद्यार्थ्यांसाठी मद्रसा उभारला, त्यांना हा शब्द. मथळा लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण ज्ञान समोर असताना ज्ञानी माणूस न दिसणे हा साम्राज्याचा जुना आजार आहे.

1964-65 मध्ये सहारा ओलांडणाऱ्या बेल्जियन मोहिमेत वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ लेओनार होते. राजधानी फोर-लामी, म्हणजे आजचे एन्जामेना, इथल्या बाजारात त्यांनीही त्या वड्या पाहिल्या. माग काढत ते तळ्यांपर्यंत पोचले. 1967 मध्ये लेओनार आणि कोंपेर यांचा शोधनिबंध आला आणि या वेळी जगाने लक्ष दिले. पुस्तकांत स्पिरुलिनाच्या ‘शोधा’चा मान दांजार आणि लेओनार यांच्याकडे जातो. त्यांचे काम मोठे आहे यात शंका नाही. त्यांनी वस्तू ओळखली, मोजली, जगापुढे ठेवली. पण शोध म्हणजे काय? बाजारात विकायला ठेवलेली वस्तू विकत घेणाऱ्याने शोधली असे म्हणायचे, तर ती विकणारी बाई कोण?

या कहाणीला एक जोडकथा आहे, ती मेक्सिकोची. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे पोचले तेव्हा अझ्टेक लोक टेस्कोको सरोवरातून बारीक जाळ्यांनी असेच शेवाळ गोळा करीत, जमिनीवर वाळवीत आणि वड्या करून बाजारात विकीत. त्याला ते ‘तेकुइत्लात्ल’ म्हणत. स्पॅनिश इतिहासकारांनी त्याची चव चिजासारखी असल्याचे लिहिले. पुढे ते सरोवर आटवण्यात आले, जिंकलेल्यांचे अन्न हलके ठरले आणि रिवाज बुडाला. पुस्तकात वर्णन राहिले, करणारे हात राहिले नाहीत. चाडमध्ये उलटे झाले. तिथे वर्णन नव्हते, हात होते. म्हणून विद्या वाचली.

योगायोग असा की स्पिरुलिनाचा पहिला मोठा कारखाना त्याच टेस्कोकोवर उभा राहिला. तिथली कंपनी सरोवराच्या खाऱ्या पाण्यापासून सोडा काढीत असे. तिच्या हौदांत हिरवे शेवाळ माजू लागले. फ्रेंच पेट्रोलियम संस्थेत याच सुमारास या शेवाळावर काम चालू होते. 1966 च्या झारूक यांच्या प्रबंधातले वाढीचे द्रावण आजही प्रयोगशाळांत त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दोघांनी हात मिळवले आणि 1970 च्या दशकात टेस्कोकोचे वाळवलेले शेवाळ जगाच्या बाजारात आले.

भुकेपासून बाटलीपर्यंत

सूक्ष्मशैवालाकडे पाश्चात्त्य जग वळले ते भुकेच्या भीतीने. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढती लोकसंख्या आणि अपुरे धान्य यांची चिंता होती. 1951 मध्ये अमेरिकेत कार्नेगी संस्थेच्या पुढाकाराने केंब्रिज शहरात एका इमारतीच्या छपरावर क्लोरेला वाढवण्याचा प्रयोग झाला. जपानमध्ये हिरोशी तामिया यांनी ते काम पुढे नेले. स्वप्न असे की गरिबांच्या ताटात स्वस्त प्रथिने पडतील.

स्वप्न मोडले ते खर्चापायी. पेशी बारीक, पाणी अफाट, काढणी महाग. वर क्लोरेलाची कवची इतकी चिवट की ती फोडल्याशिवाय नीट पचत नाही. दरम्यान हरितक्रांतीने गहू-तांदूळ वाढवला आणि सोयाबीनची प्रथिने कितीतरी स्वस्त पडली. मग धंद्याने दिशा बदलली. जे गरिबाला परवडत नव्हते ते श्रीमंताला चमच्याने विकता येते, हे ध्यानात आले. 1960 च्या दशकात जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्या आरोग्यासाठी विकल्या जाऊ लागल्या. 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया आणि हवाईत स्पिरुलिनाचे मोठे हौद झाले. पुढे चीन सर्वांत मोठा उत्पादक बनला.

या कारखान्यांतली पद्धत थोडक्यात अशी. दोन-तीन फूट खोलसुद्धा नाही, वीतभर पाण्याचे लांबट हौद असतात. चाक फिरवून पाणी हलते ठेवतात, म्हणजे प्रत्येक तंतूला ऊन मिळते. दाटी झाली की पाणी पंपाने थरथरत्या बारीक जाळीवर सोडतात. शेवाळ जाळीवर राहते, खाराचे पाणी हौदात परत जाते. मग गोड्या पाण्याने धुऊन दाबतात आणि दुधाची भुकटी करतात तसे गरम हवेत फवारून काही क्षणांत वाळवतात. उरते ती गर्द हिरवी पूड. तिच्या गोळ्या होतात. कॅप्सूल असेल तर आपल्या वाचकांनी आवरण कशाचे आहे तेवढे पाहून घ्यावे. प्रश्न शेवाळाचा नसतो, जिलेटिनचा असू शकतो.

गोळीच्या गुणांबद्दलही दोन शब्द. रोजचा तीन ग्रॅमचा डोस घेतला तर त्यात प्रथिने दोन ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा असतात. ब-12 जीवनसत्त्वाची जाहिरात होते, पण स्पिरुलिनातले बहुतेक ब-12 माणसाच्या शरीराला उपयोगी नसलेल्या रूपात असते. कानेम्बू घरात जेवणाला माणशी दहा-बारा ग्रॅम दिहे रश्श्यात पडते, तेही बाजरी आणि कडधान्याबरोबर. त्यांच्यासाठी ते अन्न आहे. आपल्यासाठी ती गोळी आहे. दोन्हींचा गुण सारखा कसा लागू पडेल?

नैसर्गिक तळ्यातले शेवाळ म्हणजे निर्धोक, हाही समज खरा नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात अप्पर क्लॅमथ सरोवरातून दुसऱ्या जातीचे शेवाळ काढून पूरक आहार म्हणून विकले जाई. 1996 मध्ये त्या पाण्यात मायक्रोसिस्टिस या विषारी जातीचा बहर आला. हे विष यकृतावर घाला घालते. राज्याने 1997 मध्ये एका ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरवली. तपासलेल्या 87 नमुन्यांपैकी 85 मध्ये विष सापडले आणि 63 मध्ये ते मर्यादेपेक्षा जास्त होते. कानेमच्या तळ्यांना या बाबतीत खाराचा पहारा आहे. तिथे दुसरे शेवाळ सहसा शिरत नाही. तरी तपासणी हवीच. हुनराचा आदर करणे म्हणजे परीक्षा टाळणे नव्हे.

लोणार आणि आईन-ए-अकबरी

सोड्याचे तळे म्हणजे काय हे पाहायला मराठी माणसाला आफ्रिकेत जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्केच्या आघाताने झालेले हे विवर, त्यातले पाणी खारट आणि सोड्याचे, पीएच दहाच्या आसपास. त्या पाण्याला जो हिरवा रंग असतो तो मुख्यतः आर्थ्रोस्पायराचाच. म्हणजे कानेमच्या बाया जे काढतात, त्याच कुळाचे शेवाळ आपल्या विदर्भात वाढत आले आहे. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते खाऱ्या पाण्यातील हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे सांगितले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार आहे. तिथे काच आणि साबण करायला लागणारे सारे जिन्नस मिळतात आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, असे त्याने नोंदवले. पुढेही खाराची काढणी चालली. खाराच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. काठाला साचलेला पांढरा खार सर्व राजवटींनी मोजला. त्याच पाण्यातल्या हिरव्याला कोणी हात लावल्याची परंपरा मात्र इथे नाही. सारख्याच पाण्याकाठी एका मुलखात बायांनी अन्न ओळखले आणि दुसऱ्या मुलखात ते ओळखले गेले नाही. यात कमीपणा नाही. वऱ्हाडाच्या काळ्या मातीत ज्वारी-तूर पिकत होती, तळ्यात उतरायची गरज पडली नसेल. आज लोणार अभयारण्य आहे आणि तिथले शेवाळ तिथेच राहावे हेच योग्य.

भारतात स्पिरुलिना आली ती दक्षिणेतून. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात जर्मनीच्या सहकार्याने शैवालांवर मोठा प्रकल्प चालला. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या बायकांना घराजवळ मातीच्या भांड्यांत स्पिरुलिना वाढवायला आणि कापडाने गाळायला शिकवले. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. भुकेसाठी सुरू झालेली गोष्ट इथे पुन्हा भुकेकडे आणि बाईच्या हाताकडे वळली होती. पुढे तामिळनाडूतच पुदुक्कोट्टई जिल्ह्यात निर्यातीचे मोठे उत्पादन उभे राहिले.

उरलेला हिशेब

2000 साली कोसोरोमच्या काढणीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्या एका तळ्यातून बाया वर्षाला सुमारे 40 टन दिहे काढीत होत्या. स्थानिक बाजारभावाने त्याची किंमत एक लाख अमेरिकी डॉलरहून अधिक होत होती. काढणी वर्षभर, डिसेंबर-जानेवारीत सर्वांत कमी आणि जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात सर्वांत जास्त. ज्यांना ‘आदिम’ म्हटले गेले त्या बायकांचा हा वर्षाचा हिशेब आहे.

वाळूत वाळवलेल्या वडीत वाळू राहते, त्यामुळे दूरच्या बाजारात भाव मिळत नसे. 2000 च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने युरोपीय संघाच्या मदतीने तिथे काम केले. कापडाने गाळणे आणि स्वच्छ जागी वाळवणे शिकवले. बायकांनी ते घेतले, कारण मूळ विद्या त्यांचीच होती. तिच्यात एक फडके वाढले एवढेच. पण त्यानंतर दिवस फिरले. 2015 पासून बोको हरामच्या हिंसेची झळ चाडच्या बाजूच्या काठालाही बसली. बेटे ओस पडली, हजारो कुटुंबे विस्थापित झाली. आता चाड सरोवराचे नाव वर्तमानपत्रात येते ते बंदुकीसोबत. शिक्षण निषिद्ध मानणाऱ्या त्या टोळीने ज्या प्रदेशात धुमाकूळ घातला, त्याच प्रदेशातून सातशे-आठशे वर्षांपूर्वी मुले शिकायला कैरोला जात होती, हे जगाला कोण सांगणार?

ते सांगण्याचे काम इतिहास शिकवणाऱ्यांचे आहे, आणि मी ते माझेही मानतो. मुस्लिम मुलींना आपण मोठ्या स्त्रियांची नावे सांगतो ती राण्यांची आणि शहजाद्यांची. रझिया सुलतान सांगावी, चांदबीबी सांगावी. पण वर्गात बसलेली मुलगी बहुधा राणीची नात नसते. तिची आजी विणकराच्या घरात कांड्या भरणारी असते, कोकणच्या किनाऱ्यावर मासळी वाळवणारी असते, विड्या वळणारी असते. तिच्या आजीच्या हातातही इल्म आहे, हे तिला कुठल्या धड्यातून कळणार? कानेमचा धडा त्यासाठी उपयोगी आहे. जगाच्या दुकानांत गेलेली एक वस्तू निरक्षर म्हणवल्या गेलेल्या मुसलमान बायांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी पुरे.

आणि मुलींना गृहपाठ द्यावा. घरात आजी, नानी, खाला, फुफी जे काही हाताने करतात, मग ते लोणचे असो, गोधडी असो, बाळंतिणीचा काढा असो, त्याची कृती विचारून वहीत उतरवावी. माप लिहावे, ऋतू लिहावा, कोणाकडून शिकल्या ते लिहावे. वर त्यांचे पूर्ण नाव घालावे आणि त्या दिवसाची तारीख टाकावी.